हॅलोविनच्या पार्टीत भीतीही वाटेल आणि ताटही रिकामं होईल, असं काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात घरी ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी हॅलोविनची पार्टी आहे. ५ ते १२ वयाची बारा मुलं आणि आठ मोठी माणसं येणार. अंडं चालणार नाही. घरात गॅस आणि एक ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे. इंटरनेटवरच्या पाककृतींतलं अर्धं सामान इथं मिळत नाही किंवा फार महाग पडतं. मग काय करायचं?

तिकडचं सामान शोधत फिरू नका. हा सणच हाताशी असलेल्या फळाला किंवा कंदाला चेहरा देण्याचा आहे. आयर्लंड-स्कॉटलंडात लोक सलगम कोरून त्याचे कंदील करत. ती माणसं अमेरिकेत गेली, तिथं भोपळा मुबलक मिळाला, म्हणून भोपळा आला. आपल्याकडे ऑक्टोबरच्या शेवटी बाजारात काय असतं? आंबिया बहाराची (याच हंगामातली) संत्री, कोहळं (म्हणजे लाल भोपळा), आवळा, बीट. किराण्यात काळे हरभरे, दगडफूल, सुकं खोबरं, सब्जा. काळा, लाल आणि नारिंगी हे तिन्ही रंग एवढ्यातच मिळतात.

दुसरी गोष्ट मांडणीची. नागपूरच्या मारबतीच्या (मोठ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीत गर्दीतून, लांबूनही मारबत कळते, कारण आकार मोठा आणि चेहरा ठळक. खाण्याच्या पदार्थालाही तेवढंच पुरतं: डोळे, तोंड आणि बाहेरची रेघ. बारीक नक्षी करत बसलात तर पदार्थ हाताळून हाताळून लिबलिबीत होतो आणि मंद उजेडात ती नक्षी कुणाला दिसतही नाही. वीस जणांना पाच-सहा पदार्थ खूप झाले.

सुरुवात संत्र्यापासून करा, कारण नागपुरी संत्र्याची साल सैल असते आणि या कामाला तिच्याइतकं सोयीचं दुसरं फळ नाही. बारा संत्री घ्या, हाताला जड लागणारी. या दिवसांत साल बरेचदा हिरवट असते. आतून फळ गोड असतं आणि हिरवा चेहरा भुताला शोभतो, त्यामुळे पिवळ्याधमक फळाचा हट्ट नको. देठाकडून दीड सेंटिमीटरची चकती कापून झाकण बाजूला ठेवा. चमच्याचा दांडा साल आणि फोडींच्या मधून गोल फिरवा, फोडी अख्ख्या बाहेर येतात. आतले पांढरे धागे काढून टाका, ते कडू लागतात.

या सालींत जेली भरायची, पण जिलेटिनची नाही. जिलेटिन प्राणिज असतं आणि तिशीच्या पुढच्या तापमानाला ढिलं पडतं. नागपूरची ऑक्टोबरची दुपार त्याला सोसत नाही. चायना ग्रास वापरा. ती समुद्री शेवाळापासून होते, साधारण ३५ ते ४० अंशाला घट्ट होते आणि एकदा घट्ट झाली की ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. बारा संत्र्यांना एक लिटर मिश्रण लागतं: ४०० मिली पाणी, १० ग्रॅम चायना ग्रास, १२० ग्रॅम साखर आणि ६०० मिली संत्र्याचा रस. काढलेल्या फोडींतून एवढा रस निघतो, कमी पडला तर आणखी दोन संत्री पिळा. चायना ग्रास फक्त पाण्यात उकळा, तीन मिनिटं चांगली खळखळून, एकही धागा दिसेनासा होईपर्यंत. मग साखर घाला. रस तिच्याबरोबर उकळायचा नाही, आंबटात उकळलं की चायना ग्रासची पकड जाते आणि जेली पाणी सोडते. रस कोमट करून शेवटी मिसळायचा. फ्रिजमधला गार रस ओतला तर मिश्रण जागच्या जागी गोठून गुठळ्या होतात.

रस हाताच्या यंत्रावर काढा, मिक्सरमध्ये नको. बिया फुटल्या की कडवटपणा उतरतो. नागपुरी संत्र्याचा रस नुसता ठेवला तरी काही तासांत कडवट होऊ लागतो, म्हणून रस त्याच दिवशी काढा आणि जेली त्याच संध्याकाळी संपवा.

आता चेहऱ्याचं. बहुतेक जण आधी डोळे कोरतात आणि मग भरतात, त्यामुळे सगळं मिश्रण डोळ्यांतून वाहून जातं. उलट करा. अख्ख्या सालीत जेली भरा, वाट्यांत बसवून दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, आणि मग छोट्या अणकुचीदार सुरीने फक्त साल कापून दोन त्रिकोण आणि एक वाकडं तोंड काढा. आतली जेली डोळ्यांतून चमकते. भरण्याआधी मिश्रणात दोन चमचे बिटाचा रस घातला तर डोळे लालबुंद दिसतात. कुणी संत्रा बासुंदी भरायचं म्हणेल तर बासुंदी पूर्ण गार झाल्यावरच सोललेल्या फोडी मिसळा. गरम दुधात संत्रं पडलं की दूध फाटतं.

लाल रंगासाठी बीट, पण त्याचे नियम पाळले तर. बिटाचा लाल रंग गार आणि आंबट पदार्थात टिकतो. जास्त उकळला की तपकिरी होतो, खाण्याचा सोडा पडला की पिवळट. म्हणून बिटाचा रस नेहमी शेवटी, लिंबाबरोबर. गोड डोळे करायचे तर वीस छोटे रसगुल्ले घ्या, तळहातात हलकेच दाबून अर्धा पाक काढा, वरून सेंटिमीटरभर खळगा करून त्यात हिरव्या टुटीफ्रुटीचे दोन-तीन तुकडे आणि मधोमध भिजवलेला काळा मनुका बसवा. काळी द्राक्षं या दिवसांत आपल्याकडची नसतात, त्यांच्यामागे धावू नका. बारीक ब्रशने बिटाच्या रसाच्या चार-पाच रेघा ओढल्या की रक्ताळलेला डोळा तयार. रेघा वाढायच्या आधी पंधरा मिनिटं ओढा, रसगुल्ला रंग शोषतो आणि तासाभरात रेघेचा डाग होतो. खाली २५० मिली गार पाकात तीन-चार चमचे बिटाचा रस आणि चमचाभर लिंबू. बिटाला मातीसारखा वास येतो. तो वेलचीने जात नाही, लिंबू आणि थोड्या आल्याच्या रसाने जातो. पाच वर्षांच्या मुलांना रसगुल्ला अर्धा कापून द्या. गोल, गुळगुळीत घास घशात अडकू शकतो.

काळ्या रंगाशी सर्वांत जास्त चुका होतात. बाजारचा काळा रंग गडद दिसायला इतका लागतो की पदार्थ कडू होतो आणि मुलांचे ओठ, दात, कपडे सगळं माखतं. कृत्रिम रंगाला आपल्याकडे कायद्याने तयार पदार्थात किलोला १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, काळाकुट्ट रंग आणायला गेलात तर ती सहज ओलांडली जाते. सुटा, पुडीतला रंग तर घेऊच नका. कोळशाची भुकटी घातलेलं आइस्क्रीम वगैरे दिसतं, पण ती भुकटी पोटातली औषधंही शोषून घेते. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांना ती घातक.

खरा काळा रंग आपल्या स्वयंपाकात आधीपासून आहे. काळे हरभरे ५०० ग्रॅम रात्रभर भिजवा, कुकरमध्ये आवळकाठीचे (सुकवलेल्या आवळ्याचे) पाच-सहा तुकडे फडक्यात बांधून त्यांच्याबरोबर शिजवा. मग पुरचुंडी काढून हरभरे पाण्यासकट लोखंडी कढईत वीस मिनिटं उकळा. आवळ्यातला तुरटपणा आणि लोखंड मिळून शाईसारखा काळा रंग येतो, जुन्या काळी शाई अशाच मेळातून करत. झाले की लगेच स्टीलच्या पातेल्यात काढा, कढईत राहिले तर लोखंडाची चव उतरते. मंद उजेडात हे हरभरे हुबेहूब भुंग्यांसारखे दिसतात. पोह्यांवर तर्रीसोबत टाका, मुरमुऱ्याच्या चिवड्यात घाला, कुठंही चालतात.

मोठ्यांसाठी मुख्य पदार्थ पाटोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा, नागपूरच्या झणझणीत सावजी वळणाचा. त्याच्याइतका गडद, गूढ दिसणारा रस्सा आणखी कुठून आणणार? वीस जणांना: ५०० ग्रॅम कांदे आचेवर सालासकट काळे होईपर्यंत भाजून वरचं जळकं साल काढलेले, १५० ग्रॅम सुकं खोबरं, तीन मोठे चमचे खसखस, चार मोठे चमचे धणे, मूठभर दगडफूल, दोन मोठ्या वेलच्या, चमचाभर काळे मिरे, १०० ग्रॅम आलं-लसूण आणि तीन मोठे चमचे भाजलेलं ज्वारीचं पीठ. रंगाची गुरुकिल्ली खोबऱ्यात आहे. ते मंद आचेवर कॉफीच्या बियांच्या रंगापर्यंत न्यायचं आणि तिथंच थांबायचं. पुढं गेलं की कोळसा, आणि तो कडूपणा कशानेही झाकत नाही. दगडफूल शेवटी, अर्धं मिनिट पुरे. मसाला वाटून, तेल सुटेपर्यंत परतून साडेतीन लिटर गरम पाणी घाला. गार पाण्याने तर्री वर येत नाही. तिखट घालायच्या आधी लिटरभर रस्सा मुलांसाठी वेगळा काढून त्यात थोडं काश्मिरी तिखट घाला. मोठ्यांच्या पातेल्यात भिवापुरी मिरचीचं तिखट.

पाटोडीला यावेळी वड्या नाही, शवपेट्या कापा: सहा कोनांची, खांद्याशी रुंद, पायाशी निमुळती. कापाच्या कडा धारदार यायला एका वाटी बेसनाला दीडच वाटी पाणी घ्या. दोन वाट्या घेतल्या तर चव छान पण कड ढासळते. हळद, ओवा, तीळ, बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर), मीठ घालून बेसन शिजवा, गोळा कढईच्या कडा सोडू लागला की झाकण ठेवून मंद आचेवर आणखी पाच मिनिटं वाफ द्या. ही वाफ टाळली की कच्चं बेसन रस्स्यात विरघळतं. तेल लावलेल्या ताटात सेंटिमीटरभर जाड थापा, वीस मिनिटं निववा, मग कापा. रस्स्यात वाढतानाच सोडा. वर रक्तासाठी वेगळी तर्री: १०० मिली तेल गरम करून आच बंद, मिनिटभर थांबून दोन चमचे तिखट, लगेच चमचाभर पाणी. धूर निघत्या तेलात तिखट टाकलं तर ते काळं पडतं आणि रक्ताचा रंग हातून जातो. ही तर्री मोठ्यांच्याच वाट्यांत, चमच्याने ओघळ सोडत.

मुलांसाठी ममी, म्हणजे मैद्याच्या पट्ट्यांत गुंडाळून तळलेले आलूचे रोल. एक किलो आलू सालासकट उकडून, सोलून, पूर्ण उघडे निववा. गरम आलूची वाफ आतून पट्ट्या मऊ करते आणि तळताना ममीचं कापड सुटतं. आलूबोंड्याचाच मसाला, मिरची कमी. २४ लांबट रोल करा. ३०० ग्रॅम मैदा, तीन चमचे गरम तेलाचं मोहन, मीठ, घट्ट पीठ. दीड मिलिमीटर जाड लाटून बोटाच्या निम्म्या रुंदीच्या पट्ट्या कापा, त्यांवरचं कोरडं पीठ झटकून टाका, आणि आडव्यातिडव्या गुंडाळा. सरळ समांतर गुंडाळलं की ती ममी वाटत नाही, स्प्रिंग वाटते. वरच्या टोकाशी डोळ्यांपुरती फट सोडा, शेवटच्या टोकाला पाणी लावून दाबा. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं तळा. डोळे तळल्यावर: घट्ट दह्याचे दोन ठिपके आणि त्यात एकेक कलौंजी. अख्खे मिरे किंवा लवंग लावू नका, दाताखाली आलं की मूल पुढचं काही खात नाही.

चेटकिणीची बोटं ही बिस्किटं ओटीजीत होतात आणि दोन दिवस आधी करून ठेवता येतात. २५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम पिठीसाखर, ११० ग्रॅम घट्ट तूप, चिमूट मीठ, लागेल तसं दोन-तीन चमचे दूध. बेकिंग पावडर, सोडा काहीही नाही. बोटं फुगून गाजरं होतात ती हे घातल्यानेच. आठ-आठ ग्रॅमचे गोळे, साधारण ६० होतात. सात सेंटिमीटर लांब, करंगळीपेक्षा बारीक वळा, कारण भाजताना थोडी जाड होतातच. दोन जागी चिमटीने दाबा म्हणजे मधला पेर उठून दिसतो, पेरावर सुरीने तीन आडव्या रेघा. टोकाला अंगठ्याने नखापुरता खड्डा करून ट्रे अर्धा तास फ्रिजमध्ये. आपल्या स्वयंपाकघरात तूप या दिवसांतही मऊच असतं, गार न करता भाजलं तर बोटं पसरतात. १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. वरून फिकी राहू द्या, मढ्याच्या हाताला तोच रंग हवा, फक्त तळ हलका तांबूस व्हायला हवा. गरम असताना मऊ लागतात, दहा मिनिटं हात लावू नका. नखाला सोललेल्या बदामाची अर्धी पाकळी, लाल जॅमच्या थेंबावर, भाजल्यानंतर चिकटवा. आधी बसवलेला बदाम निसटून पडतो. मुलांच्या आई-बाबांना बदाम-शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे आमंत्रण देतानाच विचारा. असेल त्या घरासाठी टरबुजाच्या बियांची नखं.

दिवाळी जवळ असेल तर काम आणखी सोपं. २०२४ मध्ये नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती, २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. शंकरपाळ्याचं पीठ लाटलेलंच असेल तर त्यातून हाडं कापा, चकली सोऱ्यातून वेटोळ्याऐवजी जाळ्यासारखी पाडा.

कोहळं कोरायचं असेल तर दोन-तीन किलोचं, तळ सपाट असलेलं घ्या. आपलं कोहळं अमेरिकन भोपळ्यापेक्षा जाड गराचं असतं, म्हणून चेहऱ्याच्या बाजूचा गर आतून खरवडून दोन सेंटिमीटरवर आणा, नाहीतर सुरी अडकून घसरते. हे काम मोठ्यांचं. आदल्या संध्याकाळीच कोरा, आपल्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. आत मेणबत्तीऐवजी सेलवरचा दिवा ठेवा. खरवडलेला गर ताजा असतानाच वापरा, पण आधी कच्चा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर सगळा फेकून द्या, तो कडवटपणा शिजवूनही जात नाही आणि पोट बिघडवतो. चांगला असेल तर घारगे: एक वाटी कीस, पाऊण वाटी गूळ, एकत्र शिजवून गार करून मावेल तेवढी कणीक, साधारण दोन वाट्या, पाणी अजिबात नाही. लाटून बाटलीच्या झाकणाने डोळे पाडा. भोकं पडलेला घारगा फुगत नाही, म्हणून तो थोडा जाड ठेवा आणि मंद आचेवर तळा.

प्यायला गोकर्ण. निळ्या गोकर्णाची दहा-बारा फुलं, फवारणी नसलेली, हिरवा देठ काढून अर्धा लिटर गरम पाण्यात पाच मिनिटं. गार करून गिलासात अर्धं ओता, आणि मुलांच्या देखत लिंबाचं गोड सरबत घाला. निळं पाणी डोळ्यांसमोर जांभळं होतं. तळाशी भिजवलेला सब्जा म्हणजे बेडकाची अंडी: एक चमचा सब्जाला कपभर पाणी, पंधरा मिनिटं, पूर्ण फुगल्यावरच.

धुरासाठी ड्राय आइस आणू नका. ते उणे ७८ अंशांचं असतं, त्वचा आणि घसा भाजतो, बंद बाटलीत स्फोट होतो. बारा मुलांच्या घरात ते सांभाळणं अवघड आहे. त्याऐवजी पावडर नसलेला, आतून धुतलेला हातमोजा पाण्याने भरून बारा तास गोठवा आणि मोठ्या भांड्यातल्या सरबतात बर्फाचा पंजा तरंगू द्या. मोजा ओढून काढू नका, बोटं तुटतात. कोमट पाण्यात क्षणभर बुडवून कात्रीने कापा.

उजेडाकडे दुर्लक्ष होतं. निळा दिवा टेबलावर लावला तर लाल रस्सा काळपट आणि ममी शिळ्या दिसतात, कुणी हात लावत नाही. निळा कोपऱ्यात, टेबलावर पिवळा मंद. दही, रसगुल्ले बर्फाच्या परातीत ठेवा, शिजवलेलं काहीही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको.

शेवटचा पदार्थ दहीवडे, कारण ते शेवटच्या क्षणीच होतात. एक किलो दही अर्धा तास टांगून, दोन चमचे साखर घालून गुळगुळीत घोटा, पसरट ताटात वड्यांवर सारखं पसरा. चिंचेची चटणी गाळून दह्याइतकीच घट्ट करा. पातळ असेल तर रेघ फुटते, जास्त घट्ट असेल तर टूथपिकने ओढली जात नाही. दुधाच्या धुतलेल्या पिशवीचा कोपरा कापून मधून बाहेर दीड-दीड सेंटिमीटरवर वर्तुळं काढा आणि टूथपिक केंद्राकडून कडेकडे आठ वेळा ओढा, दर वेळी पुसून. मधे अर्ध्या काळ्या खजुराचा कोळी, पायांना जाड शेव. जाळं अर्ध्या तासात पसरतं आणि शेव दहा मिनिटांत मऊ पडते. म्हणून वर्तुळं पाहुणे आत आल्यावर काढा आणि कोळ्याला पाय ताट टेबलावर टेकवतानाच लावा.